मुलांना पेन्सिल शेडिंग शिकवताना: आधी दिवा, मग पेन्सिल

रेघोटी

शेडिंगवरची चर्चा इथे नेहमी दुसऱ्याच कुठल्यातरी धाग्यात अधूनमधून होते आणि हरवते, म्हणून हा वेगळा धागा काढतेय. मी सात ते दहा वर्षांच्या मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते: शेडिंग हाताला शिकवण्याआधी डोळ्यांना शिकवायला हवं.

सध्या सर्रास काय चालतं? वर्तुळ काढायचं. डावीकडे वर एक पांढरा ठिपका सोडायचा, उजवीकडे खाली गडद करत जायचं, बोटाने घासायचं, खाली एक लंबगोल सावली काढायची. झाला थ्रीडी बॉल. मूल खूश, घरचेही खूश. आता त्याच मुलापुढे खरा चेंडू ठेवा आणि दिवा उजवीकडे न्या. पुष्कळ मुलं तरीही पांढरा ठिपका डावीकडेच सोडतात. चेंडूकडे त्यांनी पाहिलेलंच नसतं, कृती तेवढी पाठ केलेली असते.

म्हणून माझ्याकडे पहिल्या तासाला पेन्सिल नसते. पडदे ओढायचे, वरचे दिवे बंद करायचे आणि एकच टेबललॅम्प ठेवायचा, एका बाजूला आणि थोडा उंचावर. जाड पांढऱ्या कागदाला मधोमध घडी घालून तो छपरासारखा टेबलावर उभा करायचा आणि विचारायचं, "कागद दोन्हीकडे पांढराच आहे ना? मग काळपट कुठली बाजू दिसतेय?" उत्तर लगेच येतं. मग दिवा पलीकडे न्यायचा. आता? मागे एका मुलीने जागेवरून उठून काळपट बाजूवर बोट फिरवलं, बोटाला काही लागलंय का ते पाहिलं, आणि मग स्वतःच दिवा उचलून इकडून तिकडे न्यायला लागली. तिला शेडिंग म्हणजे काय हे तेव्हाच कळलं. पुढे उरला तो हाताचा सराव.

यानंतर तो घडीचा कागद काढायचा, दोनच छटांत: एक बाजू कोरी, एक बाजू करडी. मग पांढरं खोकं, तीन बाजू आणि तीन छटा. बहुतेक ठिकाणी गोलापासून सुरुवात करतात. मला ते उलटं वाटतं. खोक्याला कडा असते, एक छटा जिथे संपते तिथेच दुसरी सुरू होते, मुलाला गोंधळायला जागा राहत नाही. गोलावर छटा कुठे संपते ते मोठ्यांनाही पटकन सांगता येत नाही, मग आठ वर्षांच्या मुलाने पहिल्याच दिवशी ते कसं सांगावं? खोक्यानंतर नळकांडं, कारण त्याच्यावर छटा एकाच दिशेने बदलते, वरपासून खालपर्यंत तीच राहते. चेंडू सगळ्यात शेवटी.

तुम्ही कसं शिकवता ते लिहा. पेन्सिली, कागद, रबर, सगळ्यावर बोलू.

वाचनमात्र

धागा फार वेळेवर आला. मुलगा नऊ वर्षांचा आहे, शेडिंगचं वेड लागलंय. पण पेन्सिल इतकी दाबतो की कागदाच्या मागे उठाव येतो, कधी फाटतोही. वर "हात दुखला" म्हणून अर्ध्यात सोडून देतो. बारा पेन्सिलींचा संच आणून दिला तर सगळ्यात काळी पेन्सिल उचलून सगळं तिनेच भरतो. काय करावं?

कोळसा

वाचनमात्र, तो संच सध्या कपाटात ठेवा. एक २बी (बेताची मऊ) पुरे, पुढे हात बसला की सोबत ४बी (तिच्याहून मऊ आणि काळी). पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती यांचं भाजलेलं मिश्रण. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकट, ग्राफाइट जास्त तर मऊ आणि काळी. निकोला-जाक काँते या फ्रेंच माणसाने १७९५ मध्ये या मिश्रणाचं पेटंट घेतलं, तेव्हापासून हवी तशी कडक-मऊ पेन्सिल करता यायला लागली. मुलांना हे सांगा, त्यांना ते आवडतं, आणि पेन्सिलीवरचं अक्षर काय सांगतं ते कळलं की काळी छटा दाबून काढायची नसते, तिच्यासाठी मऊ पेन्सिल असते, हेही आपोआप कळतं.

दाबण्याचं कारण बहुतेक वेळा पकडीत असतं. लिहिताना पेन्सिल टोकाजवळ धरायची सवय असते, तीच इथे येते. शेडिंगला पेन्सिल मागे सरकवून सैल धरायची आणि टोकाऐवजी शिशाची कड कागदाला लावायची. हालचाल बोटांतून नाही, मनगटातून आणि कोपरातून. हात दुखतो तो बोटं आवळल्यामुळे.

अजून एक गोष्ट त्याला दाखवा. एका चौकोनात एकदाच जोर लावून काळं करायचं. शेजारच्या चौकोनात हलक्या हाताने एक थर द्यायचा, कागद थोडा फिरवून दुसरा, पुन्हा फिरवून तिसरा. मग दोन्ही चौकोन उजेडात तिरके धरायचे. दाबलेला चकाकतो, कारण कागदाचा दाणा (पृष्ठभागाचा खरखरीतपणा) चेपला गेला आणि त्यावर ग्राफाइटचा गुळगुळीत थर बसला. त्यावर आता काहीच चढत नाही आणि तो पुसलाही जात नाही. थरांचा चौकोन मात्र मखमली दिसतो आणि अजून काळा करता येतो. हे स्वतः करून पाहिल्यावर मूल दाबणं कमी करतं, नुसतं "दाबू नकोस" म्हटल्याने करत नाही.

रेघोटीताई, पहिल्या तासाला पेन्सिलच नाही हे मात्र मला पटलं नाही. मुलं चित्र काढायला आलेली असतात. तासभर नुसतं पाहायला लावलं तर चुळबुळ सुरू होते. मी पहिल्या दिवसापासून छटांची पट्टी (फिकटापासून गडदापर्यंत भरलेली घरं) काढून घेतो, डोळा आणि हात एकदमच तयार होऊ दे.

रेघोटी

कोळसा, तासभर नाही हो, दिव्याचा खेळ पंधरा-वीस मिनिटांचा. त्यानंतर मुलं आपणहून पेन्सिल मागतात आणि ती त्यांना देतेच. छटांच्या पट्टीला माझा विरोध नाही, पण दहा घरांची पट्टी लहान मुलांना देऊ नये. चौथ्या आणि पाचव्या घरात फरक काय हे त्यांना दिसत नाही, मग ती कंटाळून काहीतरी भरून टाकतात. माझी पट्टी तीन घरांची असते: कोरा कागद, सगळ्यात गडद आणि दोघांच्या मधला. गडद आधी ठरवायचा, मधला त्यावरून. तीन जमल्या की पाच. लहान मुलाला पाच छटा नीट काढता आल्या तर त्यात कुठलाही आकार उभा राहतो.

दाबलेल्या चौकोनाचा प्रयोग उचलते आहे, फार उपयोगी आहे.

किलकिलेडोळे

छटा ओळखायला दोन साध्या युक्त्या सांगतो.

पहिली माझ्या नावातच आहे. डोळे अर्धवट मिटून पाहिलं की बारीकसारीक तपशील पुसट होतात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे तेवढे उरतात. मुलांना यात मजा येते.

दुसरी जास्त पक्की. पुठ्ठ्याच्या तुकड्याला दोन लहान भोकं पाडायची, थोड्या अंतरावर. हातभर लांब धरून, एक डोळा मिटून त्यातून वस्तूचे दोन भाग एकाच वेळी पाहायचे. कुठला गडद? आजूबाजूचं झाकलं गेल्यामुळे मेंदूला अंदाज बांधायला काही राहत नाही. हे एवढं कशासाठी, तर आपल्याला छटा नीट दिसतच नाही. दृष्टीचे अभ्यासक एडवर्ड अ‍ॅडेलसन यांनी १९९५ मध्ये केलेलं बुद्धिबळाच्या पटाचं चित्र बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. पटावर एका नळकांड्याची सावली पडली आहे. सावलीतला पांढरा चौकोन आणि उजेडातला काळा चौकोन छापलेत अगदी एकाच करड्या रंगात, तरी एक पांढरा वाटतो आणि एक काळा. डोळा "हा चौकोन पांढरा असणार" असं धरून चालतो.

मूलही हेच करतं. चेंडू पांढरा आहे हे त्याला माहीत असतं, म्हणून त्याची सावलीकडची बाजूही ते पांढरीच ठेवतं. तिथे "अजून गडद कर" असं सांगण्यापेक्षा पुठ्ठा हातात द्यावा. उत्तर त्यालाच सापडतं.

अर्धचंद्र

विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडं लांब लिहिते.

शेडिंग येत असलं की काय काय दिसू शकतं याचं सगळ्यात सुंदर उदाहरण चंद्राचं आहे. १६०९ मध्ये इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियट या गणितज्ञाने दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि त्याचं रेखाटन केलं: उजेड-अंधाराची एक वेडीवाकडी सीमारेषा आणि काही डाग. काही महिन्यांनी गॅलिलिओने तोच चंद्र पाहिला. गॅलिलिओला चित्रकलेची चांगली जाण होती, छायाप्रकाश त्याच्या ओळखीचा होता. अंधाऱ्या भागात, सीमारेषेपासून जरा दूर, त्याला सुटे उजळ ठिपके दिसले आणि ते हळूहळू मोठे होत गेले. पायथ्याशी ऊन पोचायच्या आधी डोंगरमाथे उजळतात, ते हे ठिपके, असं त्याने ओळखलं. चंद्रावर डोंगर आहेत हे त्याने सावलीवरून सांगितलं आणि त्यांची उंचीही काढली. त्याची शाईतली चंद्रचित्रं मुलांना जरूर दाखवा.

याचा वर्गात थेट उपयोग होतो. अष्टमीच्या आसपास चंद्र दुर्बिणीतून पाहिला तर सीमारेषेजवळची विवरं खोल आणि ठसठशीत दिसतात. पौर्णिमेला तीच विवरं सपाट, कारण ऊन समोरून येतं आणि सावल्या दिसेनाशा होतात. मोबाइलचा फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत चेहरा चपटा दिसतो तो यामुळेच. तेव्हा रेघोटीताईंनी दिवा "एका बाजूला" ठेवायला सांगितलाय तो शब्द महत्त्वाचा आहे. मुलाच्या पाठीमागून उजेड येत असेल तर समोरच्या चेंडूवर शेड करण्यासारखं फारसं काही उरत नाही, आणि आपण त्या मुलाला उगाच बोलत बसतो.

आणखी एक खेळ. एका कागदावर बरीच वर्तुळं काढायची. काहींना वरून फिकट आणि खाली गडद होत जाणारी छटा द्यायची, काहींना बरोबर उलटी. पहिली वर आलेले फुगे वाटतात, दुसरी खळगे. आता कागद उलटा धरा. फुगे आत जातात, खळगे बाहेर येतात! उजेड वरून येतो असं आपला मेंदू गृहीत धरतो, म्हणून असं होतं. मेंदूचे अभ्यासक व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये अशाच चित्रांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. मुलं कागद पुन्हा पुन्हा फिरवत बसतात, घरी नेऊन सगळ्यांना दाखवतात. उजेडाची दिशा आधी ठरवायची, हे वेगळं सांगावं लागत नाही.

वाचनमात्र

फुगे आणि खळग्यांचा खेळ आज केला. मुलाने कागद इतक्या वेळा फिरवला की कोपरे चुरगळले. :)

आता चेंडूवर आलोय. दोन अडचणी. तो वर्तुळाच्या कडेने सगळीकडून सारखंच गडद करत आत येतो आणि चेंडूची थाळी होते. दुसरं, बोटाने घासू द्यावं का? घासल्यावर त्याला फार छान वाटतं, नाही म्हणवत नाही.

रेघोटी

सगळीकडून सारखी कड गडद करणं हे जवळजवळ प्रत्येक मुलाच्या बाबतीत होतं. "गोल आहे म्हणजे कडेला वळतो, म्हणजे कडेला काळा" असा त्यामागचा विचार असतो, आणि तो विचार वाईट नाही, त्यात फक्त दिवा नसतो. त्याच्याकडून चेंडूवर पेन्सिलीने एक रेघ काढून घ्या: उजेड जिथे पोचायचा थांबतो तिथे, प्रत्यक्ष चेंडूवरच. साधा पांढरा थर्माकोलचा गोळा यासाठी उत्तम. रेघ काढली की दिसतं, ती चेंडूला वळसा घालून जाते. तीच रेघ कागदावरच्या वर्तुळात काढायची, अगदी पुसट. तिच्या एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला छाया. आधी छायेचा सगळा भाग एकाच मधल्या छटेने भरून टाकायचा. इथे थांबून चित्र लांबून पाहायचं. एवढ्यावरच वर्तुळ बरंचसं गोल दिसायला लागलेलं असतं आणि मुलाला धीर येतो.

मग त्या रेघेजवळ थर वाढवायचे आणि उजेडाकडे जाताना हात हलका करत न्यायचा. चेंडूवरचा सगळ्यात गडद पट्टा त्या रेघेला लागून, छायेच्या बाजूला असतो. वर्तुळाच्या कडेपर्यंत तो जात नाही. कडेजवळ छाया पुन्हा किंचित उजळते, कारण टेबलावर पडलेला उजेड उसळून खालून चेंडूवर येतो. मुलांना हे खोटं वाटतं. चेंडूखाली एकदा पांढरा कागद ठेवा, मग काळा. पांढऱ्यावर ती कड उजळते, काळ्यावर जवळपास नाहीशी होते. लाल कागद ठेवला तर चेंडूच्या पोटावर लालसर झाक येते, तेव्हा तर मुलं टेबलाखाली वाकून पाहतात. एक सावधगिरी: हा परावर्तित प्रकाश कळला की मुलं तिथे कोरा कागद सोडतात. छायेतला उजळ भाग हा उजेडातल्या फिकट भागापेक्षा गडदच असतो. पुठ्ठ्याची दोन भोकं इथे कामी येतात.

टेबलावरच्या सावलीबद्दलही सांगते, कारण तिच्याकडे कमी लक्ष दिलं जातं आणि वस्तू टेबलावर बसते ती तिच्यामुळेच. चेंडू जिथे टेकतो तिथे सावली सगळ्यात काळी आणि रेखीव, लांब जाईल तशी फिकट आणि कड विरघळत गेलेली. लंबगोल काढून एकसारखा भरला की चेंडू हवेत तरंगतो. सावली चेंडूला चिकटलेली आहे ना, आणि दिव्याच्या विरुद्ध बाजूलाच आहे ना, एवढं त्याला बोटाने दाखवायला सांगा.

बोटाने घासणं: माझ्याकडे तरी पहिलं वर्षभर बंद. कोळसा, तुमचं मत?

कोळसा

बंदच. बोटाला तेलकटपणा असतो, तो कागदात उतरतो, डाग पडतात आणि रबर चालत नाही. त्याहून मोठं नुकसान असं की घासल्यावर सगळं एकाच मधल्या करड्यात जातं, गडदही आणि फिकटही. मुलाला गुळगुळीत दिसतं म्हणून छान वाटतं, पण आकार सपाट झालेला असतो. कोळशाच्या कांडीने काम करताना मी घासू देतो, कारण तिथे नंतर गडद चढवता येतो.

वाचनमात्र, एकदम नाही म्हणू नका. त्याला दोन चेंडू काढायला सांगा, एक घासून आणि एक नुसत्या थरांनी. दोन्ही भिंतीला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाहून पाहा. थरांचा चेंडू तिथूनही गोल दिसतो.

आणि हाताखाली एक कोरा कागद ठेवायला लावा, नाहीतर तळहाताने आपोआपच घासलं जातं. डावखुऱ्या मुलांना उजवीकडून सुरुवात करू द्या.

पाटीपुस्तक

शाळेत शिकवते. वर्गात चाळीस मुलं, पडदे नाहीत, एकच दिवा सगळ्यांना दिसणार नाही. चाळीस मिनिटांचा तास. या धाग्यातलं मला काय करता येईल?

रेघोटी

पाटीपुस्तक, खिडक्या एकाच बाजूला असतील तर वरचे दिवे बंद करा, सगळ्या वर्गाला एकच दिशा मिळते. प्रत्येकाच्या बाकावर घडी घातलेला कागद ठेवायचा, म्हणजे वस्तूही सगळ्यांना आपापली. खिडकीचा उजेड पसरट असतो, सावलीच्या कडा मऊ येतात, छटांमधला फरक कमी दिसतो. पण खिडकीजवळचा आणि लांबचा कागद वेगळा का दिसतो, हाच एका तासाचा विषय होईल. दोन्ही बाजूंना खिडक्या असतील तर एका बाजूच्या बंद करा, नाहीतर प्रत्येक वस्तूला दोन सावल्या पडतात आणि मुलं गोंधळतात.

ऊन असेल तर सरळ मैदानावर न्या. जोडीजोडीने एकमेकांची सावली खडूने आखायची आणि शाळा सुटताना तिथेच उभं राहून पुन्हा आखायची. छोट्या वर्गांना याहून जास्त शेडिंगची गरजच नाही.

दीपस्तंभ

शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत, आणि थोडं ठासून लिहितो. पाच-सहा वर्षांच्या मुलांकडून शेडिंग करून घेऊ नका. त्या वयात मूल दिसतं तसं काढत नाही, जे माहीत आहे ते काढतं. घराच्या भिंतीआडची माणसंही त्यात दिसतात. फ्रेंच अभ्यासक ल्युके यांनी १९२७ च्या पुस्तकात हा भेद मांडला होता. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये चित्रकलेच्या वाढीचे टप्पे सांगितले, त्यातही जसं दिसतं तसं काढण्याची ओढ साधारण नवव्या वर्षाच्या पुढची धरली आहे. वय थोडं अलीकडे-पलीकडे झालं तरी दिशा तीच. सहा वर्षांच्या मुलाच्या चित्रात आई घराएवढी असते, कारण ती त्याला तेवढी महत्त्वाची असते. तिथे जाऊन "सावली कुठाय?" विचारणं म्हणजे त्याच्या चित्रातली गोष्ट मोडणं आहे. माझ्या ओळखीत अशी मुलं आहेत जी आता "मला नीट येत नाही" म्हणून कागद पुढे ओढतच नाहीत.

रेघोटी

दीपस्तंभ, पटतंय, आणि म्हणूनच मी सात वर्षांच्या आतल्या मुलांना या वर्गात घेत नाही. सात-आठला दोन-तीन छटा, त्याही खेळत. एका छटेतून दुसरीत सावकाश विरघळत जाणं हे मी नऊ-दहाच्या आधी मागत नाही. पण वयाचा आकडा मी शेवटचा बघते. मूल स्वतःच "माझा चेंडू गोल का दिसत नाही?" असं विचारायला लागलं की ते तयार आहे. तोवर सावल्यांशी खेळू दे.

जी मुलं चुकायला घाबरतात त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायची राहिली होती. एक चौकोन मधल्या छटेने सगळा भरायचा, इथे शिशाची कड आणि भरपूर थर. मग मळून मऊ होणारं रबर घेऊन, उजेड जिथे आहे तिथून ग्राफाइट टिपून उचलायचं. घासायचं नाही, नुसतं दाबून उचलायचं, आणि रबर काळं झालं की मळून स्वच्छ भाग वर काढायचा. पांढरा कागद समोर नसल्यामुळे भीती राहत नाही. चेंडूची उजेडाकडची बाजू हळूहळू करड्यातून वर येते. यातही दिवा समोर हवाच, कुठून उचलायचं ते तोच सांगतो.

वाचनमात्र

रबराचं उद्या करतो. आज मुलाने आपणहून दिवा उजवीकडे ठेवला आणि पांढरा भागही उजवीकडेच सोडला. सावली अजून चेंडूपासून सुटतेय. तिथे काही सांगू का, की थांबू?

रेघोटी

काही सांगू नका. चेंडू टेबलावरून बोटभर उचलून धरा, सावली सुटलेली त्याला दिसेल. मग खाली टेकवा. दोन-तीनदा असं करा आणि पेन्सिल त्याच्या हातात द्या.